वस्तऱ्याचा निसणा

सुरी बोथट झाली म्हणजे घरातली बाई ती पाट्याच्या कडेवर किंवा कपाच्या उलट्या बुडावर चार वेळा ओढते आणि भाजी चिरायला बसते; विळ्याला शेतकरी बांधावरचा एखादा खरबरीत दगड पुरवतो; कोयत्याचे तर कानशीवरही भागते. धारेच्या हत्यारांच्या या गोतावळ्यात वस्तरा तेवढा एकटा पडतो. जिवंत कातडीवरून फिरताना केस मुळाशी तुटला पाहिजे, आणि ज्या कातडीतून तो उगवला तिच्यावर ओरखडाही उमटता कामा नये, अशा परस्परविरोधी अटी पाळून त्याला आपली चाकरी बजावावी लागते. आणि या अटी पुऱ्या करण्याचे सामर्थ्य त्याच्या पोलादात कितीही उत्तम असले, तरी ते प्रकट होते ते योग्य निसण्यावर घासले गेल्यानंतरच. ज्याच्याकडे शेफील्डचा किंवा झोलिंगेनचा अव्वल दर्जाचा वस्तरा आहे आणि निसणा मात्र हाताला लागेल तो आहे, त्याने दाढी न्हाव्याकडून करून घ्यावी हे बरे.

वस्तऱ्याची रचना लक्षात घेतल्यावाचून दगडाचा विचार सुरूच करता येत नाही. त्याची पाठ जाड, धार पातळ, आणि दोहोंमधला भाग दोन्ही अंगांनी खोलगट घासलेला असतो. निसण्यावर तो आडवा ठेवला की पाठ आणि धार ही दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात, आणि मधला खोलगट भाग अधांतरी राहतो. त्यामुळे पाठीची जाडी साधारण 5 मिलिमीटर आणि पात्याची रुंदी 17 मिलिमीटर असेल, तर घासणाऱ्याची इच्छा असो वा नसो, धारेचा कोन सुमारे 17 अंशांचाच होतो. सुताराला पटाशी घासताना कोन मनगटाने सांभाळावा लागतो आणि ते साधण्यात त्याच्या उमेदवारीची वर्षे जातात. वस्तऱ्याच्या बाबतीत हा निकाल वस्तरा घडवणाऱ्याने कारखान्यातच देऊन ठेवलेला असतो, व त्यावर अपील नाही. हाताकडे उरते ते एवढेच, की पाते सपाट ठेवावे, दाब नाममात्र ठेवावा, धार पुढे करून तिरक्या ओळीत ओढावे, आणि टोकाला पोहोचल्यावर धारेवरून न उलटता पाठीवरून उलटावे. एरवी जे कौशल्य हातात असते त्याचा मोठा वाटा येथे दगडाच्या पसंतीत येऊन बसतो, आणि म्हणूनच वस्तरा वापरणारी मंडळी निसण्यांविषयी इतक्या तावातावाने वाद घालताना आढळतात.

आता धारेकडे पाहू. उत्तम घासलेल्या वस्तऱ्याच्या धारेची जाडी एका मायक्रॉनहूनही कमी, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा लहान असते, आणि दाढीचा केस त्याच्या मानाने शंभरपट जाड असतो. केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ, तरी दाढी करून करून धार जाते, हे कोडे जुने आहे. 2020 साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचा एक उलगडा प्रसिद्ध केला. सुमारे पन्नासपट कठीण असलेल्या पात्याखाली केस कापताना त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा धार हळूहळू झिजते या समजुतीऐवजी तिचे बारीक टवके उडतात असे दिसून आले. केस पात्याला तिरका वाकून भिडला आणि नेमक्या त्या ठिकाणी पोलादाची घडण विषम असली, की टवका निघतो. हे निरीक्षण आजच्या पातळ ब्लेडच्या पोलादावरचे आहे हे खरे. परंतु निसणाऱ्याला त्यातून मिळणारा इशारा वस्तऱ्यालाही लागू पडावा. जाड कणाच्या दगडाने धारेवर खोल ओरखडे सोडले, तर ते ओरखडे धारेच्या काठाशी येऊन संपतात आणि तिथे काठ दातेरी होतो. पुढचे टवके उडायला आयत्या जागा तयार होतात. चामड्याच्या पट्ट्यावर परजल्याने काठ सरळ होतो, थोडा उजळतो, पण ओरखडा पुसला जात नाही. तो पुसायचा तर अधिक बारीक दगडच लागतो.

पोलादाला कापण्यासाठी दगडातला कण पोलादाहून कठीण हवा, ही पहिली अट. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्ज यांच्या मापात वस्तऱ्याचे पाणी दिलेले पोलाद सहा ते साडेसहाच्या आसपास येते. गारगोटीचा म्हणजे क्वार्ट्झचा कण सातचा, गार्नेटचा त्याच्याच बरोबरीचा, आणि कुरुंद नऊचा. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसाल्ट, ज्याची जाती, पाटे आणि उखळी पिढ्यानुपिढ्या घरोघर चालली, तो या कामी निरुपयोगी ठरतो याचे कारण येथेच आहे: त्यातली प्रमुख खनिजे पाच-सहाच्या घरातली, म्हणजे वस्तऱ्याच्या पोलादापुढे हात टेकणारी, आणि शिवाय त्याचे कण भरड. कुरुंदाची पूड लाखेत कालवून साण तयार करण्याची पद्धत हिंदुस्थानात फार जुनी आहे, आणि कात्र्या-सुऱ्या घेऊन गल्लोगल्ली फिरणाऱ्या शिकलगाराची फिरती साण अजूनही कुठेकुठे दिसते. पण वस्तरा तिच्यावर धरणे म्हणजे त्याची वाट लावणे होय, कारण फिरत्या चाकावर इतकी पातळ धार क्षणात तापते, पोलादाचे पाणी उतरते, आणि मग जगातला कोणताही निसणा ते परत चढवू शकत नाही. वस्तऱ्याचे काम थंड, ओल्या, स्थिर दगडावरच व्हावे लागते.

दगड घ्यायला निघालेल्या नवख्या माणसाला पहिला अडथळा येतो तो आकड्यांचा. कृत्रिम निसण्यांवर 1000, 4000, 8000, 12000 असे अंक असतात. अंक जितका मोठा तितका कण बारीक, एवढे दुकानदार सांगतो आणि ते खरेही आहे. मात्र एकाच अंकाखाली सगळे कारखानदार एकच माप देतात असे मानणाऱ्याची फसगत होते. जपानी मानकाप्रमाणे 8000 अंकाचा कण साधारण 1.2 मायक्रॉनचा, तर नॉर्टन ही अमेरिकी कंपनी आपल्या 8000 च्या दगडातला कण 3 मायक्रॉनचा सांगते. म्हणजे एकाच आकड्याच्या सनदेवर दोन वेगळे दर्जे नांदतात. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी, की कणाच्या मापावरून त्याच्या वागणुकीचा दाखला मिळत नाही. कण टोकदार आहे की बोथट कोनांचा, तो दगडात घट्ट बसला आहे की घासता घासता सुटून पाण्यात येतो, कणांची दाटी किती, त्यांना धरून ठेवणारे द्रव्य किती मऊ, या सगळ्यांवर अखेरची धार अवलंबून असते. आणि यांतली एकही गोष्ट दगडाच्या कडेवर छापलेली नसते.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे बेल्जियमचा पिवळा दगड, कोतिक्यूल. आर्देन डोंगराळ प्रदेशात, व्हियेलसाल्म आणि लिएर्नो या गावांच्या परिसरात, सुमारे 48 कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेल्या मँगनीजयुक्त गाळाचे पुढे भूगर्भातल्या दाबाने आणि उष्णतेने रूपांतर होऊन हा दगड बनला. त्याचे थर फार पातळ, पुष्कळदा काही सेंटिमीटरांचे, आणि तेही निळसर-जांभळ्या पाटीच्या दगडात दोन्हीकडून दाबलेले. त्यामुळे जुन्या निसण्यांत पिवळा पृष्ठभाग आणि खाली त्याच खाणीतला निळा आधार असा जोड दिसतो, कधी निसर्गतःच जुळलेला, कधी कारागिराने चिकटवलेला. पिवळ्या भागातली मऊ अभ्रकी माती म्हणजे केवळ बैठक. कापण्याचे काम करतात ते तीत विखुरलेले गार्नेटचे स्फटिक, आपल्या जवाहिऱ्यांच्या तामड्याचे अतिसूक्ष्म भाईबंद, जे दगडाच्या घनफळाचा तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग व्यापतात. या स्फटिकांचा व्यास सामान्यतः 5 ते 15 मायक्रॉन असतो. अंकांच्या हिशेबाने पाहू गेल्यास हा दगड हजार-दोन हजारांच्या पंक्तीत बसायला हवा, आणि त्यावर शेवटचा हात फिरवलेल्या वस्तऱ्याने दाढी करणे ही शिक्षा ठरायला हवी. प्रत्यक्षात मात्र गेली कित्येक शतके युरोपातील न्हाव्यांनी शेवटची, सर्वांत मुलायम धार काढण्यासाठी याच दगडाला मान दिला. कारण गार्नेटचा स्फटिक अनेक बोथट कोनांचा, जवळजवळ गोलाईकडे झुकणारा. तो पोलादात खोल रुतत नाही, वरवरची साल तेवढी काढतो. कण मोठा, ओरखडा उथळ.

कोतिक्यूलचा दुसरा गुण असा की तो एकच दगड असून तीन-चार दगडांचे काम करू शकतो. त्याच जातीच्या लहानशा तुकड्याने त्याच्या ओल्या पृष्ठभागावर घासले की दुधासारखा गढूळ काला तयार होतो, आणि त्यातले सुटे गार्नेट मोकळेपणाने लोळत पोलाद झपाट्याने खातात. काला काळवंडू लागतो तो काढल्या गेलेल्या पोलादामुळे. मग बोटाने पाण्याचे थेंब एकेक करून टाकीत जावे, काला विरळ होईल तसतसा दगड सौम्य होत जातो, आणि अखेर स्वच्छ पाण्यावर ओढताना तो इतका मंद चालतो की जणू काही काम होतच नाही असे वाटावे. या क्रमात पाणी वाढवण्याची घाई झाली तर धार अर्धवट राहते, आणि उशीर झाला तर सुट्या कणांवर वारंवार आपटून काठ किंचित बोथटतो. अंकांच्या दगडांवर ज्याचा भरवसा बसला आहे त्याला हा मामला संदिग्ध वाटेल. तो संदिग्ध आहेच, आणि एक दगड दुसऱ्यासारखा वागत नाही हेही खरे. निरनिराळ्या थरांतून निघालेल्या कोतिक्यूलांना मर्मज्ञ वेगवेगळ्या नावांनी ओळखतात व त्यांचा वेग, मऊपणा यांची तुलना करीत बसतात. साल्मशातो येथे जुन्या कारखान्यातच या दगडाचे संग्रहालय आहे. भूमिगत खाणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पडल्या, पण लिएर्नोजवळ उघड्या खाणीतून हा दगड आजही काढला जातो, त्यामुळे ज्यांना नैसर्गिक दगडच हवा आहे त्यांना नवा कोतिक्यूल विकत मिळू शकतो. बाकीच्या पुष्कळ नामवंत दगडांविषयी हे सांगता येत नाही.

जर्मनीतील थुरिंगियाचा दगड, ज्याला त्याच्या विक्रेत्याच्या नावावरून जग ‘एशर’ म्हणून ओळखते, हा अशा दुर्मीळांपैकी पहिला. झोनेबर्गच्या एशर घराण्याच्या पेढीतून पिवळट-हिरव्यापासून गडद निळ्यापर्यंत निरनिराळ्या छटांच्या या बारीक पाटीच्या दगडाच्या आखीव कांड्या, शेवटाला लेबल डकवून, जगभर रवाना होत. पिवळट-हिरवा सर्वांत मऊ व सर्वांत मोलाचा अशी जुनी समजूत आहे. आता खाणी बंद आहेत, लेबल शाबूत असलेल्या कांडीला संग्राहक वाटेल ती किंमत देतात, आणि या किमतीत दगडाचा वाटा किती व कागदाच्या चिठोऱ्याचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. क्योतोच्या वायव्येकडील डोंगरांतून, विशेषतः नाकायामाच्या खाणीतून निघणारे जपानी दगड हे खोल समुद्रात साचलेल्या सिलिकामय गाळाचे. त्यांवर काला काढण्यासाठी मिकावा प्रांतातील पांढरट नागुरा दगड वापरण्याचा शिरस्ता आहे, आणि अस्सल, कठीण व निर्दोष नाकायामाची किंमत आता सामान्य माणसाच्या हिशेबापलीकडे गेली आहे. इंग्लंडातील लेस्टरशायरचा चार्नली फॉरेस्ट आणि वेल्समधील पाटीचे दगड यांनीही एके काळी न्हाव्यांची सेवा केली. ते मंद असतात, फार मंद.

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातील वॉशिटा डोंगरांचा नोव्हाक्युलाइट मात्र वेगळ्या प्रकृतीचा आहे. तो जवळजवळ निव्वळ सिलिका, इतका घट्ट विणलेला की त्यातला कण सुटत नाही, काला निघत नाही, आणि दगड पिढ्यानुपिढ्या झिजत नाही. परंतु कण सुटत नाही म्हणजेच नवा तीक्ष्ण कण वर येत नाही. वरचे कण झिजून गुळगुळीत झाले की हा दगड कापणे सोडून नुसता घोटू लागतो. म्हणून अर्धपारदर्शी किंवा काळा कठीण आर्कान्सा अखेरच्या पायरीसाठी, तेलाच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या थेंबावर, पुष्कळ धीर असणाऱ्यानेच घ्यावा. एकदा तेल पाजलेल्या दगडावर पुढे पाणी चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

ही पाण्याची आणि तेलाची विभागणी आजची नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनीने आपल्या निसर्गविषयक विश्वकोशाच्या छत्तिसाव्या भागात निसण्यांची प्रतवारी दिली आहे, तीत तेलाचे दगड आणि पाण्याचे दगड तर आहेतच. शिवाय न्हाव्यांच्या दुकानांत वापरला जाणारा, माणसाच्या थुंकीवर चालणारा एक स्वतंत्र वर्गही आहे, व त्यात स्पेनमधल्या लामिनियमच्या दगडाला त्याने अग्रस्थान दिले आहे. रोमन गिऱ्हाइकाने हे पाहून तक्रार केली असेल असे वाटत नाही. आपल्याकडेही गावगाड्यात न्हावी बलुतेदार असल्यापासून त्याच्या धोपटीत वस्तरा, कात्री, नराणी, आरसा आणि वाटी यांच्याबरोबर एक लहानसा निसणा असे, आणि वाटीतल्या पाण्याचे बोट लावून त्यावर वस्तरा फिरवणे, मग तळहातावर चटाचट परजणे, हा दाढीच्या विधीचाच भाग होता. एका गिऱ्हाइकाच्या रक्ताचा संसर्ग दुसऱ्याला होण्याचे भय पसरल्यानंतर सलूनमध्ये दर वेळी नवे अर्धे ब्लेड बसवण्याचा वस्तरा आला, तो योग्यच झाला. परंतु त्याने निसण्याला रजा मिळाली, आणि आज अखंड पोलादी वस्तरा आणि त्याचा दगड हे बहुतांशी घरी स्वतःची दाढी करणाऱ्या हौशी माणसाच्या हाती आहेत.

अशा माणसाने काय घ्यावे? नैसर्गिक दगडांचे एवढे कौतुक केल्यानंतर हे विसंगत वाटेल, पण प्रस्तुत लेखकाच्या मते सुरुवात कृत्रिम दगडांनीच करावी. एडवर्ड अ‍ॅचिसनने 1891 साली सिलिकॉन कार्बाइड बनवण्याची कृती शोधली, त्यानंतर कृत्रिम घर्षकांचे युग आले. मारिबोरच्या फ्रान्झ स्वाटीच्या कारखान्यातील कृत्रिम निसण्यांची तर युरोप-अमेरिकेतल्या न्हाव्यांत चलती होती. आजच्या कृत्रिम दगडाचा मोठा गुण म्हणजे त्याचे वागणे ठरावीक असते. काही चुकले तर दोष दगडाचा की हाताचा, याची रुजुवात करता येते. 1000 चा एक दगड धारेचे दोन्ही उतार एकमेकांना काठावर अचूक भिडवण्यासाठी, आणि एका अंगाला 4000 व दुसऱ्या अंगाला 8000 असा जोडदगड पुढच्या पायऱ्यांसाठी, एवढ्यावर उत्तम दाढी होते. हजाराच्या दगडावर उतार नीट भिडल्याशिवाय पुढे जाऊ नये, यावर मात्र कितीही भर दिला तरी थोडाच. तिथे राहिलेली त्रुटी 12000 च्या दगडावर तासभर घालवूनही निघत नाही, आणि निम्म्याहून अधिक लोक जे महागडे दगड घेत सुटतात ते या स्वस्त दगडावर कमी वेळ दिल्यामुळे. उतार भिडल्याची खूण दगडच देतो: पाते पुढे सरकताना दगडावरचे पाणी धारेपुढे ढकलले जाण्याऐवजी, टोकापासून टाचेपर्यंत सगळीकडे सारखेच, धारेवरून पात्यावर चढू लागते. काठाखाली पाणी शिरायलाही जागा उरली नाही असा त्याचा अर्थ. शेवटचा हात फिरवण्यासाठी पुढे वर्षा-दोन वर्षांनी, हात बसल्यावर, एखादा कोतिक्यूल जरूर घ्यावा. तोपर्यंत आपल्या कातडीला काय मानवते हे कळलेले असते, कारण 12000 च्या कृत्रिम दगडाची लख्ख, करकरीत धार काहींना सोसत नाही आणि त्याच माणसांना गार्नेटची किंचित मवाळ धार सुखाची वाटते.

दगडाच्या मापाविषयी थोडे. वस्तऱ्याचे पाते लांबीला सुमारे तीन इंच असते. तेवढ्याच रुंदीचा दगड सोयीचा खरा, पण जुन्या पात्यांत सूक्ष्म पीळ असतो आणि रुंद दगडावर अशा पात्याची मधली धार टेकतच नाही, तिथे दीड इंची अरुंद कांडी वरचढ ठरते. रुंदी कितीही असो, दगड सपाट हवा. वापराने मध्यभाग खोल जातो, आणि वस्तऱ्याची धार त्या खोलीची नक्कल करते. म्हणून पृष्ठभागावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारून, काचेवर पसरलेल्या ओल्या पॉलिशपेपरवर किंवा हिऱ्याच्या कणांच्या पट्टीवर सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत तो घासावा. मऊ कृत्रिम दगडाला याची गरज वारंवार पडते, आर्कान्साला क्वचितच.

जुन्या बाजारात कधी वस्तऱ्यांच्या ढिगात काळवंडलेला, तेलकट निसणा हाती लागतो, आणि विक्रेता त्याला जर्मन म्हणतो. तो आधी साबणाच्या पाण्याने धुवावा, कारण मळाखाली तडा दडलेला असू शकतो, आणि घासताना ज्या तड्यावर नख अडते तिथे धारही अडेल. पिवळ्या-निळ्या दोन थरांचा दगड असेल तर सांधा तपासावा. पिवळा थर दोन-तीन मिलिमीटरच उरला असेल तर किंमत तशी करावी. लेबल, खोका, आजोबांच्या गोष्टी यांपेक्षा एक चाचणी अधिक खात्रीची: खिशातला जुना वस्तरा काढून पाण्याच्या थेंबावर आठ-दहा फेरे मारू द्यावेत अशी विनंती करावी, पाणी राखी होते का ते पाहावे, आणि परवानगी मिळाली नाही तर दगड तिथेच ठेवून पुढच्या गाळ्याकडे वळावे.